इंकजेट कार्ट्रिजचे घरगुती पुनर्भरण : एक टिपण

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत मुंबईच्या उपनगरांतील अनेक प्राध्यापक आपली टिपणे व शोधनिबंध घरीच छापतात. कार्ट्रिज पूर्ण रिकामे झाल्यावरच भरणे काटकसरीचे वाटते. वस्तुतः तेच महाग पडते. एचपी व कॅननच्या अनेक प्रिंटरांत छपाईशीर्ष कार्ट्रिजमध्येच असते. त्यातील सूक्ष्म रोधक शाई तापवितो, वाफेचा बुडबुडा तयार होतो व थेंब कागदावर फेकला जातो. हीच शाई रोधकास थंडही ठेवते. कोरडे कार्ट्रिज चालविल्यास छपाईशीर्ष जळते व पुनर्भरण व्यर्थ ठरते. म्हणून छपाई फिकट होताच अनुरूप शाई सिरिंजने सावकाश स्पंजमध्ये भरावी. आठवड्यातून एक रंगीत पान छापावे, म्हणजे छिद्रे सहसा बुजत नाहीत. निकामी कार्ट्रिज मात्र घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०११ च्या नियमांनीच त्यास ई-कचऱ्यात गणले आहे.