ध्वजाचा मान आणि कायदा

स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी शाळेच्या पटांगणावर आपण रांगेने उभे असतो. ध्वजस्तंभाची दोरी ओढली जाते, तिरंगा वाऱ्यावर उलगडतो आणि आपोआप सर्वांच्या माना ताठ होतात. त्या क्षणी, ‘मी नीट उभा राहिलो नाही, तर मला शिक्षा होईल’, असा विचार कोणाच्याही मनात येत नाही. तथापि राष्ट्रध्वजाचा अवमान करणाऱ्यास शिक्षा सांगणारा कायदा आपल्या देशात आहे. मग सहजच प्रश्न पडतो : जो आदर मनातून उमलतो, त्याला कायद्याची गरज काय? आणि ज्याच्या मनात तो नाही, त्याच्या ठिकाणी कायदा तो उत्पन्न करू शकेल काय? हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. परंतु त्याचा निवाडा करताना मोठमोठ्या न्यायाधीशांतही मतभेद झाले आहेत. आपणही त्याचा थोडा विचार करू.

प्रथम ध्वज म्हणजे काय, हे पाहू. २२ जुलै १९४७ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी संविधान सभेपुढे ठराव मांडला आणि सभेने आजचा तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला. वर केशरी, मध्ये पांढरा आणि खाली हिरवा असे तीन समान पट्टे, पांढऱ्या पट्ट्यावर चोवीस आऱ्यांचे निळे चक्र आणि लांबी-रुंदीचे ३ : २ असे प्रमाण, ही त्याची ठेवण होय. डोळ्यांना दिसते ते एवढेच. पण कापड व रंग यांना जो अर्थ प्राप्त झाला आहे, तो कोणत्याही ठरावाने दिलेला नाही. तो माणसांनी आपल्या कष्टांनी आणि प्राणांनी दिलेला आहे.

याची साक्ष नागपूर नगरी देईल. १९२३ साली तेथे राष्ट्रीय निशाण घेऊन गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतून मिरवणूक नेण्यास सरकारने बंदी केली. तेव्हा निशाणावर चक्राऐवजी चरखा होता. ती बंदी मोडण्यासाठी १ मे रोजी झेंडा सत्याग्रह सुरू झाला. जमनालाल बजाज यांनी त्याचे नेतृत्व केले व त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल यांनी ती धुरा उचलली. निरनिराळ्या प्रांतांतून स्वयंसेवकांच्या तुकड्या येत, निशाण हाती घेऊन पुढे चालत आणि तुरुंगात जात. दीड हजारांहून अधिक सत्याग्रही पकडले गेले. अखेर १८ ऑगस्ट रोजी निशाणाची मिरवणूक त्या रस्त्याने गेली, तेव्हाच हा लढा थांबला.

पुढे १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात ९ सप्टेंबर रोजी नंदुरबारला मुलांची मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात तिरंगा हाती घेतलेला शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती धारातीर्थी पडले. शिरीषकुमार त्या वेळी अवघा पंधरा वर्षांचा होता. म्हणजे तुमच्याहून फार मोठा नव्हता.

या दोन्ही प्रसंगी कायदा ध्वजाच्या बाजूस नव्हता. उलट त्याच्या विरुद्ध होता. ध्वजाचा मान राखणे हाच गुन्हा ठरत होता. तरीही तो मान राखला गेला. यावरून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते : आदराचा उगम कायद्यात नाही.

असे असेल, तर स्वतंत्र भारताला कायदा का करावा लागला? संसदेने १९७१ साली राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अवमान रोखण्यासाठी एक अधिनियम संमत केला. सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रध्वज जाळणे, फाडणे, विद्रूप करणे, पायदळी तुडविणे किंवा शब्दांनी वा कृतीने त्याची अप्रतिष्ठा करणे हा या अधिनियमाने गुन्हा ठरविला. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. पुढे १९७६ साली संविधानात मूलभूत कर्तव्यांची भर पडली. त्यांतील पहिल्याच कर्तव्यात संविधान, राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर करण्यास सांगितले आहे.

या कायद्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, ‘ध्वज ही कोणा एकट्याची वस्तू नव्हे, तो साऱ्यांचा समाईक ठेवा आहे. सीमेवर प्राण वेचणाऱ्या सैनिकाच्या पार्थिवावर जो ध्वज पांघरला जातो, तोच कोणी भर चौकात तुडविला, तर त्याच्या आईला काय वाटेल? अशा कृत्याने अनेकांची मने दुखावतात व शांतता बिघडते. ज्याला राज्यकारभाराविषयी तक्रार असेल, त्याला बोलण्यास, लिहिण्यास व सभा भरविण्यास मोकळीक आहे. त्यासाठी ध्वजाची विटंबना कशाला?’ या म्हणण्यात तथ्य आहे. शिवाय आपल्या कायद्याने एक विवेकही राखला आहे. ध्वजात किंवा संविधानात सनदशीर मार्गाने बदल व्हावा, या हेतूने कोणी त्यांच्यावर टीका केली, तर तो गुन्हा नव्हे, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे.

परंतु येथेच एक अडचण उभी राहते. जीर्ण झालेल्या, फाटलेल्या ध्वजाचे काय करावे? ध्वजसंहिता सांगते, की तो एकांतात, त्याची प्रतिष्ठा राखून, शक्यतो जाळून पूर्णपणे नष्ट करावा. म्हणजे ध्वज जाळणे ही एका ठिकाणी विटंबना ठरते, तर दुसऱ्या ठिकाणी तोच अखेरचा मान ठरतो. कृती एकच, भेद आहे तो हेतूचा. कायद्याला कृती दिसते. हेतू मात्र शोधून काढावा लागतो. म्हणून अशा विषयात कायद्याने फार जपून पाऊल टाकावे लागते.

ते जपून न टाकल्यास काय घडते, हे अमेरिकेच्या इतिहासावरून कळते. १९३५ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका गावी, बारा वर्षांची एक मुलगी व तिचा दहा वर्षांचा भाऊ यांनी शाळेत ध्वजाला वंदन करण्याचे नाकारले. देवावाचून कोणत्याही प्रतीकाला वंदन करू नये, अशी त्यांच्या पंथाची शिकवण होती. शाळेने त्यांना काढून टाकले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९४० साली नऊपैकी आठ न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर देशात ठिकठिकाणी त्या पंथाच्या लोकांवर जमावांनी हल्ले केले. देशप्रेमाच्या नावाने शेजारी शेजाऱ्यावर उठला. तीनच वर्षांनी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील तशाच एका खटल्यात न्यायालयाने आपला निर्णय फिरविला आणि कोणासही ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही, असे ठरविले. तो दिवस होता १४ जून १९४३, अमेरिकेचा ध्वजदिन! दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना त्या न्यायाधीशांनी हे धैर्य दाखविले, हे विशेष होय.

आपल्या देशातही असाच प्रसंग आला. तो राष्ट्रगीतासंबंधी होता. परंतु ध्वज आणि राष्ट्रगीत या दोहोंचे रक्षण करणारा कायदा एकच असल्यामुळे तो येथे विचारात घेतला पाहिजे. १९८५ साली केरळातील एका शाळेतून दहावी, नववी व पाचवीत शिकणाऱ्या तीन भावंडांना काढून टाकण्यात आले. राष्ट्रगीत सुरू झाले, की ही मुले आदराने उभी राहत. मात्र आपल्या धर्मश्रद्धेमुळे ती गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की मुलांनी कोणताही अनादर केलेला नाही. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कायदा देशात नाही, सबब त्यांना पुन्हा शाळेत घ्यावे. सहिष्णुता ही आपली परंपरा आहे, ती पातळ होऊ देऊ नये, अशी आठवणही न्यायालयाने करून दिली. त्या मुलांचे मत बहुतेक भारतीयांना पटणारे नव्हते. पण न्यायालयापुढे प्रश्न बहुमताचा नव्हता. मूकपणे, सभ्यपणे उभ्या असलेल्या तीन मुलांना शाळेचे दार बंद करावे की नाही, हा तो प्रश्न होता.

अवमानाच्या कृत्याविषयी मात्र या दोन लोकशाही देशांच्या वाटा भिन्न आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने ठरविले, की निषेधासाठी ध्वज जाळणे हेदेखील मत व्यक्त करणेच होय, म्हणून त्यास शिक्षा करता येत नाही. भारतात ते कृत्य गुन्हाच आहे. कोणाची वाट योग्य, यावर तुम्ही वर्गात वाद घालू शकाल. परंतु एका बाबतीत दोन्ही न्यायालये एकमेकांच्या जवळ आली, हे विसरू नका. हात अवमानाकडे वळला, तर त्याला रोखावे की नाही, याविषयी मतभेद असू शकेल. मात्र श्रद्धेच्या आड येऊन कोणाच्या मुखातून भक्तीचे शब्द बळाने वदवून घेऊ नयेत, हे दोहोंनी मान्य केले.

नियमांचा अतिरेकही ध्वजाला लोकांपासून दूर नेतो. अनेक वर्षे सामान्य नागरिकाला ठरावीक दिवसांवाचून आपल्या घरावर तिरंगा फडकविण्याची मोकळीक नव्हती. नवीन जिंदाल या उद्योजकाने आपल्या कारखान्यावर रोज ध्वज लावण्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी न्यायालयात दाद मागितली. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता अमलात आली व नागरिकांना कोणत्याही दिवशी सन्मानपूर्वक ध्वज लावण्याची मुभा मिळाली. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नागरिकाचा हक्कच आहे, असा निर्णय दिला. अर्थात ध्वजाची प्रतिष्ठा राखण्याचे बंधन त्यासोबत आहेच. ज्या ध्वजासाठी शिरीषकुमारने प्राण दिले, तो खऱ्या अर्थाने घरोघरी पोचण्यास स्वातंत्र्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला!

मग कायदा असावा की नसावा? शेतकरी कोवळ्या रोपाभोवती काटेरी कुंपण घालतो. गुराढोरांपासून रोप वाचावे म्हणून कुंपण हवे. पण कुंपणामुळे रोप वाढत नाही. ते वाढते माती, पाणी आणि माळ्याच्या मायेवर. तसेच कुंपण रोपाच्या इतके जवळ आवळले, की काटे रोपालाच बोचू लागतात. ध्वजाविषयीचा कायदा हे असे कुंपण आहे. त्याने विटंबनेला आवर घालावा. आदर निर्माण करण्याचे काम त्याचे नव्हे. भीतीने ताठ झालेली मान आणि प्रेमाने ताठ झालेली मान दुरून सारखीच दिसते. पण पहिली पहारेकरी वळताच खाली येते.

१६ ऑगस्टच्या सकाळी रस्त्याने जाताना कागदाचे लहान ध्वज धुळीत पडलेले आढळतात. आदल्या दिवशी ते किती उत्साहाने मिरविले गेले असतील! असे ध्वज जमिनीवर टाकू नयेत, असे ध्वजसंहिताच सांगते. पण त्या वेळी तेथे शिपाई नसतो, न्यायाधीश नसतो, गुरुजीही नसतात. एखादा मुलगा थांबतो, वाकतो, ते चिमुकले ध्वज उचलतो, धूळ झटकतो आणि दप्तरात जपून ठेवतो. त्याला कोणीही आज्ञा केलेली नसते. नागपूरच्या त्या रस्त्यावरून पुढे गेलेल्या सत्याग्रहींशी त्या मुलाचे नाते जुळते, ते अशाच क्षणी.