गाडी सुरू झाली, पण थांबवायची कशी? : ट्रेन सिम्युलेटरमधलं ट्युटोरिअल

हा या एपिसोडचा लेखी अवतार. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून इथे ते नीट मांडलेत. बाकी भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.

आजचा विषय आहे ट्रेन सिम्युलेटर गेममधलं ट्युटोरिअल. म्हणजे सुरुवातीचा तो भाग, ज्यात बाण दाखवून "हे दाबा, आता ते दाबा" असं सांगतात. बऱ्याच गेम्समध्ये त्याचा क्रम ठरलेला असतो. केबिनमध्ये शिरा, बॅटरी चालू करा, पेंटोग्राफ वर घ्या, ब्रेक सोडा, पॉवर द्या. गाडी हलली की स्क्रीनवर अभिनंदन! मग पहिल्या खऱ्या फेरीत गाडी फलाट सोडून दोनशे मीटर पुढे जाते. दुसऱ्या फेरीत लाल सिग्नल ओलांडला जातो. तिसऱ्या फेरीची वेळच येत नाही, त्याआधी गेम फोनमधून उडालेला असतो. आणि डोक्यात काय राहतं? "आपल्याला नाही जमत हे."

मला ही गोष्ट खटकते, कारण जमलं असतं. शिकवायचं तेच शिकवलं नव्हतं. गाडी चालवण्यातलं खरं कसब थांबवण्यात आहे, आणि ट्युटोरिअलची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

आधी थांबायला शिकवा

लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्यामुळे घर्षण फार कमी. म्हणून तर एक इंजिन एवढे डबे ओढू शकतं. पण त्याच कारणामुळे गाडी पटकन थांबत नाही.

एक सोपं गणित करू. समजा ब्रेक लावल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो. ताशी 50 किलोमीटरवरून थांबायला सुमारे 193 मीटर लागतील. ताशी 100 वरून? दुप्पट नाही, चौपट. सुमारे 772 मीटर. हा एक हिशोब अंगात मुरला की अर्धा गेम आला समजा.

म्हणून पहिला धडा असा हवा : गाडी आधीच ताशी 60 ने धावतेय, समोर स्टेशन आहे, तुमच्या हातात फक्त ब्रेक. थांबवा. चुकलं, परत करा. आता वेग 80. पुन्हा थांबवा. बॅटरी आणि पेंटोग्राफ नंतर शिकता येतात, ती बटणं कुठे पळून जात नाहीत.

हे जमतं याचा पुरावा जुना आहे. जपानमध्ये 1996 साली तैतो कंपनीचा 'देन्शा दे गो' हा आर्केड गेम आला. खेळणाऱ्यापुढे मुख्य लिव्हर दोन, एक पॉवरचा आणि एक ब्रेकचा. वेळेवर पोचायचं आणि फलाटावर ठरलेल्या जागी थांबायचं, गुण त्यावर. गेमचा सगळा थरार थांबण्यात ठेवला होता, आणि लोक नाणी टाकून तो खेळत होते!

ब्रेक आतून दाखवा

"ब्रेकचा लिव्हर मागे घ्या" एवढ्यावर काम भागत नाही. कारण लिव्हर मागे घेतला तरी गाडी लगेच ऐकत नाही, आणि नवीन माणूस घाबरून अजून जोरात ओढतो.

आतमध्ये होतं काय, तर इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत हवेचा एक पाइप असतो. आपल्याकडे त्यातला दाब साधारण 5 किलो प्रति चौरस सेंटिमीटर ठेवतात. दाब भरलेला असताना ब्रेक सुटलेले असतात. दाब कमी केला की ब्रेक लागतात. उलटं वाटतं ना? पण मेख इथेच आहे. पाइप तुटला किंवा डबे सुटले तर दाब आपोआप जातो आणि ब्रेक आपोआप लागतात. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1872 मध्ये ही पद्धत आणली, आणि तत्त्व आजही तेच आहे.

आता, दाब कमी झाल्याची 'बातमी' मागच्या डब्यापर्यंत पोचायला काही सेकंद जातात. लांब मालगाडीत तर जास्तच. शिवाय प्रत्येक डब्याला हवेची स्वतःची टाकी असते. तुम्ही सारखं लावा-सोडा, लावा-सोडा करत राहिलात, तर ती भरायला वेळ मिळत नाही आणि काही पद्धतींमध्ये ब्रेकचा जोरच कमी होतो.

मुंबईच्या लोकलचं वेगळं. तिथे ब्रेकचा हुकूम विजेच्या तारेतून जातो, त्यामुळे सगळ्या डब्यांना जवळजवळ एकदम ब्रेक लागतात. म्हणून एका गेममध्ये लोकल मस्त चालवणारा दुसऱ्या गेममध्ये मालगाडीवर गडबडतो.

ट्युटोरिअलमध्ये हे दाखवायला काय हवं? स्क्रीनच्या वरच्या कडेला गाडीचं छोटं चित्र. ब्रेक लावला की पुढच्या डब्यापासून मागच्यापर्यंत रंग सरकताना दिसू दे. दहा सेकंदांत जे कळेल ते दहा ओळींच्या मजकुरात कळणार नाही.

सिग्नल एकेकटा शिकवू नका

तक्ता दाखवून "हिरवा म्हणजे जा, लाल म्हणजे थांबा" सांगणं हे रस्त्यावरच्या सिग्नलसारखं झालं. रेल्वेचा सिग्नल पुढच्या सिग्नलची खबर देतो. मुंबईच्या लोकलमध्ये दारापाशी उभं राहून बघितलं असेल : हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, लाल. दोन पिवळे म्हणजे पुढे एक पिवळा अपेक्षित आहे, तयारीला लागा. ब्रिटनमधल्या चार-दिव्यांच्या पद्धतीतही तोच क्रम. मघाचे 772 मीटर आठवा. लाल दिवा डोळ्यांना दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो, म्हणून ही खबर आधीपासून द्यावी लागते.

तेव्हा धड्यात हा क्रम धावत्या गाडीतून अनुभवायला द्या, आणि दोन पिवळ्यांपाशी विचारा : "पुढे काय असेल?" उत्तर देता आलं की सिग्नल कळला.

बिघडू द्या, मग कारण सांगा

ब्रिटिश मार्गांवरच्या गेममध्ये एडब्ल्यूएस नावाची सुरक्षा यंत्रणा भेटते. सिग्नलच्या साधारण 180 मीटर आधी रुळांमध्ये चुंबक असतो. पुढचा सिग्नल हिरवा असेल तर केबिनमध्ये घंटी वाजते, नसेल तर हॉर्न. हॉर्न वाजल्यावर काही सेकंदांत बटण दाबलं नाही तर गाडी स्वतः ब्रेक लावते.

ट्युटोरिअल म्हणतं, "हॉर्न वाजला की बटण दाबा." मग खेळणारा बटण दाबतो, निर्धास्त होतो आणि थेट लाल सिग्नलमध्ये घुसतो. कारण त्याला कोणी सांगितलंच नाही की बटण दाबल्याने वेग कमी होत नाही. बटणाचा अर्थ एवढाच : "मला कळलंय, आता जबाबदारी माझी."

इथे एकदा मुद्दाम बटण दाबू देऊ नका. ब्रेक लागू दे, गाडी थांबू दे. मग दुसऱ्यांदा बटण दाबू द्या, पण ब्रेक लावायला सांगू नका. दोन्ही परिणाम बघितले की कायमचं लक्षात राहतं. आणि चूक झाल्यावर "मिशन फेल" एवढंच नको. "ब्रेक 300 मीटर आधी लागायला हवा होता" असं सांगा.

हात हळूहळू सोडा

सायकल शिकवताना मागून धरलेला हात एकदम काढत नाहीत. पहिल्या फेरीत बाण दाखवा, दुसरीत फक्त अडल्यावर सूचना द्या, तिसरीत काहीच नाही. सरावाला निवांत जागाही हवी. 2022 च्या 'ट्रेन सिम वर्ल्ड 3' मध्ये ट्रेनिंग सेंटर नावाचा वेगळा नकाशा दिला होता, ती दिशा मला योग्य वाटते.

फोनवर अजून एक भान लागतं. सूचनेची चौकट नेमकी वेगाच्या काट्यावर येऊन बसली तर काय उपयोग? धडे पाच मिनिटांचे ठेवा. मध्येच फोन आला तर जिथे होतो तिथूनच पुढे सुरू व्हावं.

आणि आपण?

गेमला एक स्टार देऊन "बोअर आहे" लिहिलं तर बनवणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी लिहा : कुठल्या पायरीवर अडलात, तेव्हा काय दाबलं, आणि काय होईल असं वाटलं होतं. तिसरी सगळ्यात मोलाची, कारण शिकवण्यात नेमकी गफलत कुठे झाली हे त्यातूनच दिसतं.

तुमच्यापैकी कोणी स्वतः गेम बनवत असेल, तर कधीच न खेळलेल्या मित्राच्या हातात फोन द्या आणि गप्प बसा. तोंड उघडायचा मोह झाला, की ट्युटोरिअलमधली ती जागा दुरुस्त करायची आहे असं समजा.

आणि ज्यांनी गेम उडवलाय, त्यांनी परत टाकून बघा. यावेळी वेगाच्या मागे लागू नका. एकच स्टेशन घ्या आणि गाडी फलाटावर बरोबर उभी करा. पाच-सहा प्रयत्नांत जमायला लागेल. जमलं की कळवा, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!