चोवीसच्या ट्रॅक्टरला पाच फुटी रोटावेटर कशाला?

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यापासून अकोट-तेल्हाऱ्यापर्यंत छोटे ट्रॅक्टर आता बहुतेक गावांत दिसतात. बागेत झाडाखालून निघतात, डिझेल कमी खातात, गडीमाणूस मिळत नाही तेव्हा कामी येतात. पण ट्रॅक्टर दारात आला की पाठोपाठ एक वाक्य येतेच: "चोवीसचा हाये, पाच फुटी आरामात ओढते नं भाऊ!" शेजारी हेच सांगतो, चारचौघांत हेच ऐकू येते आणि विकणाराही मान डोलावतो. या एका वाक्यापायी कास्तकाराचे हजारो रुपये दरवर्षी क्लच, क्रॉस आणि डिझेलमध्ये जातात. म्हणून ते एकदा नीट तपासून घेऊ.

गैरसमज: ट्रॅक्टर ओढतो, म्हणजे रोटावेटर चालतो

वस्तुस्थिती: रोटावेटर ओढायचे अवजार नाहीच. नांगर, वखर ओढावे लागतात. रोटावेटरची पाती पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर फिरतात, तीही ट्रॅक्टरच्या चाकांच्याच दिशेने. त्यामुळे माती कापताना ती ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतात. ट्रॅक्टर पुढे सरकतो आहे, यावरून रोटावेटर झेपतो आहे हे अजिबात ठरत नाही. सगळा भार पीटीओवर येतो आणि तो चार गोष्टींवर ठरतो: रुंदी, खोली, वेग आणि मातीचा चिवटपणा. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती किती चिवट असते, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

दुसरी चूक 'चोवीस' या आकड्यात आहे. तो आकडा इंजिनाच्या एचपीचा. पीटीओपर्यंत पोचेस्तोवर छोट्या ट्रॅक्टरांत १५ टक्के, कधी त्याहूनही जास्त शक्ती खर्ची पडते. म्हणजे हातात उरतात २० एचपी किंवा कमी. हे पटत नसेल, तर मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेचे ट्रॅक्टर-चाचणी अहवाल पाहावेत. त्यांत पीटीओवर मोजलेली शक्ती वेगळी दिलेली असते.

आता ढोबळ हिशेब. काळ्या मातीत १० सेंटीमीटर खोलीला रोटावेटरच्या दर फुटामागे पीटीओवर साधारण ५ ते ६ एचपी धरावे लागतात. पाच फुटांना झाले २५ ते ३०. तुमच्याकडे आहेत २०. उरलेले कुठून आणणार?

"पण मोठ्याने काम लवकर उरकते!"

हेही करूनच पाहू. चार फुटी म्हणजे १.२ मीटर. तो ताशी ३ किलोमीटरने चालला, तर वळणे सोडून तासाला ३,६०० चौरस मीटर होतात. पाच फुटी म्हणजे १.५ मीटर. इंजिन दबले, खालचा गिअर टाकला आणि वेग २.२ वर आला, तर तासाला ३,३०० चौरस मीटर. रोटावेटर मोठा आणि वावर मात्र कमी झाले! वेग २.४ च्या खाली गेला की पाच फुटीचा फायदा संपतो. मग चालवणारा काय करतो? लिव्हर थोडा वर घेतो. वरची दोन बोटे माती हलते आणि रोटावेटर 'सहज चालला' म्हणून गावात सांगितले जाते.

नुकसान इथेच थांबत नाही. गाडी सावकाश आणि पाती त्याच वेगाने फिरत असली की माती जास्त वेळा कापली जाते. मिनिटाला २०० फेरे आणि एका बाजूची तीन पाती धरली, तर ताशी ३ किलोमीटरला दर कापाची लांबी ८ सेंटीमीटरच्या वर येते, २.२ ला ती ६ वर उतरते. मातीचे पीठ होते. खारपाणपट्ट्यात तर अशी बारीक माती पहिल्याच जोरदार पावसात दबते, वर पापडी धरते आणि सोयाबीनचा कोंब खालीच अडकतो.

वजनाचाही विचार करावा. छोट्या ट्रॅक्टरची उचलक्षमता साधारण ७५० किलोच्या आसपास लिहिलेली असते, पण ती खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजतात. रोटावेटरचा भार त्याच्याही मागे असतो. जड अवजार उचलून धुरा ओलांडताना पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. हा जिवाशी खेळ आहे.

मग माप ठरवायचे कसे?

कमीत कमी माप टायर ठरवतात, जास्तीत जास्त माप पीटीओ. मागच्या दोन टायरांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर टेपने मोजा. रोटावेटरने तेवढे झाकले पाहिजे, नाहीतर चाकाने दाबलेली पट्टी तशीच राहते. तेवढे झाकणारे माप पीटीओला झेपत नसेल, तर अरुंद रोटावेटर एका बाजूला सरकवून जोडा; निदान एका चाकाची खूण तरी मोडेल. पीटीओवर १५ एचपी असतील तर तीन फूट, २० असतील तर फार तर चार फूट.

थोडक्यात आणखी काही गैरसमज

*पाती जास्त तितका रोटावेटर चांगला.* पात्यांची संख्या रुंदीबरोबर वाढते. तो दर्जाचा पुरावा नाही.

*ओल्यात माती मऊ, म्हणून काम सोपे.* वाफसा नसताना काळी माती कापली जात नाही, चोपली जाते आणि वाळली की ढेकळे होतात.

*रोटावेटर असला की नांगर नको.* दरवर्षी त्याच उथळ खोलीवर पाती फिरली की खाली घट्ट थर बसतो आणि पाणी मुरत नाही.

*संत्र्यात खोल फिरवला की मुळ्या नव्याने फुटतात.* संत्र्याच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या वरच्याच थरात असतात. त्या तुटल्या की जखमांतून फायटोफ्थोरा शिरतो, मुळकूज आणि डिंक्या येतो. झाडाच्या घेरात रोटावेटर नेऊच नका.

*अनुदान आहे तर मोठाच घ्यावा.* अनुदान एकदाच मिळते. डिझेल आणि दुरुस्ती दर हंगामात तुमच्याच खिशातून जाते.

पैसे मोजण्याआधी विकणाऱ्याला पीटीओची शक्ती विचारा आणि ती कागदावर दाखवायला सांगा. मग रोटावेटर तुमच्याच वावरात, वाफशावर, १० सेंटीमीटर खोलीला चालवून घ्या. पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे टिकत नसतील, इंजिन दबत असेल, तर एक फूट कमी माप घ्या. चोवीसच्या ट्रॅक्टरला चार फुटी पुरे आहे.