साखर फोडणारा कारखाना

तेलगावच्या सहकारी साखर कारखान्यात उसाची साखर होते. ती फोडणारा कारखाना आपल्या पोटात आहे, सुमारे 6 मीटरचे लहान आतडे. साखर जशीच्या तशी रक्तात जात नाही. आतड्याच्या आतल्या अंगाला मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. तिथले सुक्रेज हे विकर तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. ग्लुकोज आत शिरते ते मिठातल्या सोडियमचा हात धरून, आणि मागोमाग पाणी ओढले जाते. जुलाबातही ही वाट बहुधा शाबूत राहते! 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी याच आधारावर ग्लुकोज-मिठाचे पाणी पाजून पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले.

ऊसतोडीच्या कोपीवर लेकराला जुलाब लागले आणि अशा द्रावणाची, म्हणजे ओआरएसची, पुडी नसेल, तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर, तसाच सपाट अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजा आणि दवाखाना गाठा.