हसायचं कुणावर? वासू प्रिमलानी यांची गोष्ट

हे बोलणं रेडिओवर झालं त्या संध्याकाळी पावसाने पाड्यापाड्यांतली लाइट घालवली होती. ऐकायला मिळालं नाही, असं पुष्कळ जणींनी कळवलं, म्हणून इथे छापतो आहोत. ज्यांनी ऐकलं त्यांच्यातल्या काही जणी म्हणाल्या, "असले विषय रेडिओवर कशाला?" त्यांनीही एकदा वाचावं.

सुरुवात आमच्या गटापासून करतो, कारण चूक तिथे झाली. आमच्या गटात एक बाई आहे. दिवाळी झाली की ती वीटभट्टीवर जाते, तिच्याबरोबर तिची मैत्रीणही जाते. दोघी एका झोपडीत राहतात, पावसाच्या तोंडावर परत येतात आणि नागली-वरई एकत्र लावतात. बरीच वर्षं असं चाललंय. एकदा बैठकीत कर्जाचे फॉर्म भरताना 'पतीचे किंवा वडिलांचे नाव' हा रकाना आला. आमच्यातली एक पटकन म्हणाली, "हिच्या पुढे त्या मैत्रिणीचंच नाव लिहा, नवरा तोच." आम्ही पोट धरून हसलो. ती पण हसली. पुढच्या महिन्यात तिचा हप्ता भाचीच्या हाती आला. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. आम्ही म्हटलं, भट्टीवर गेली असेल. पण तेव्हा भात अजून कापायचं होतं, भट्ट्या सुरूच झाल्या नव्हत्या.

ही गोष्ट आमच्या मनातून गेलीही असती. पण 8 मार्चच्या कार्यक्रमासाठी आम्ही नारी शक्ती पुरस्कार मिळालेल्या बायांची माहिती जमवत होतो. 2015 सालचे पुरस्कार राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 8 मार्च 2016 ला राष्ट्रपती भवनात दिले गेले. त्या यादीत आपल्या महाराष्ट्राच्या ज्योती म्हापसेकर आहेत. 'मुलगी झाली हो' हे नाटक त्यांचं. गाण्यांतून आणि हसवता हसवता ते गावोगाव गेलं, तुमच्या आयांपैकी कुणी पाहिलंही असेल. देहविक्रीच्या वस्तीतल्या बाया-मुलांसाठी काम करणाऱ्या प्रीती पाटकर आहेत. आणि त्याच यादीत एक नाव आहे वासू प्रिमलानी. या लोकांना हसवायचं काम करतात, आणि आपण बाईवर प्रेम करणारी बाई आहोत हे माइकवरून उघड सांगतात. भारतातली पहिली उघडपणे लेस्बियन असलेली स्टँड-अप कलाकार, अशी त्यांची ओळख करून दिली जाते.

आता यातल्या दोन्ही गोष्टी समजून घ्यायला हव्यात. आधी स्टँड-अप. त्यात एकच माणूस माइक घेऊन उभा राहतो. सोंग नाही, मुखवटा नाही, ढोलकी नाही, दुसरं पात्रही नाही. पाच मिनिटं किंवा तासभर तो नुसता बोलतो आणि लोक हसतात. सहज गप्पा मारल्यासारखं वाटतं, पण सगळं आधी लिहून घासलेलं असतं. शहरात 'ओपन माइक' नावाचे छोटे कार्यक्रम होतात. तिथे नवा विनोद लोकांपुढे टाकून बघतात. हसू आलं तर ठेवायचा, नाही आलं तर घरी जाऊन शब्द बदलायचे.

हे काही आपल्याला परकं नाही. लग्नात नाव घेताना बाई यमक जुळवत येते, नवऱ्याच्या नावाआधी क्षणभर थांबते, सगळ्या कान टवकारतात आणि मग ती नाव टाकते. हशा त्या थांबण्यातून येतो. स्टँड-अपवाल्यांची निम्मी विद्या त्या थांबण्यातच आहे. आणि लग्नात बाया वरपक्षाला गाण्यातून कसं सोलून काढतात, ते काय सांगायचं! फरक इतकाच, की आपलं हसवणं मांडवात आणि चुलीपुढे राहिलं. चारचौघांसमोरची जागा पुरुषांकडे गेली. बोहाड्यातली सोंगं पुरुष नाचवतात, देवीचं सोंगसुद्धा. तमाशातली मावशीदेखील पुरुषच. टीव्हीवर 'चला हवा येऊ द्या' बघताना साडी नेसलेले पुरुष दिसले की आपण हसतो. तिथे श्रेया बुगडे त्यांच्या तोडीस तोड उभी राहिली म्हणून तर आपल्याला तिचं कौतुक. तरी तिथे पात्र असतं, वेष असतो. स्टँड-अपमध्ये बाईला 'मी' म्हणून बोलावं लागतं, आणि ते फार अवघड.

वासूताई (आम्ही असंच म्हणणार) एकदम माइकपुढे आल्या नाहीत. त्यांचं आधीचं काम पर्यावरणाचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये त्यांनी एक संस्था काढली. परदेशातून तिथे जाऊन पोट भरणाऱ्या लोकांची जी छोटी हॉटेलं असतात, त्यांत पाणी, वीज, कचरा कसा वाचवायचा हे ती संस्था शिकवायची. त्या संस्थेला नाव दिलं होतं कर्नाटकातल्या थिमक्का यांचं. थिमक्का म्हणजे रस्त्याच्या कडेने सुमारे 385 वडाची झाडं लावून, पाणी वाहून वाहून ती जगवणारी अडाणी मजूर बाई. त्यांना मूल नव्हतं, झाडांनाच त्यांनी मुलं मानलं. 2019 ला सरकारने त्यांना पद्मश्री दिली. आपल्यासारखीच डोक्यावरून पाणी वाहणारी एक बाई, आणि तिचं नाव पार अमेरिकेत हॉटेलांच्या भांडी घासण्याच्या मोरीपर्यंत गेलं, याचं आम्हाला फार नवल वाटलं. नंतर वासूताई भारतात राहून कार्यक्रम करू लागल्या. त्या शिकवतातही, आणि शरीरात साठून राहिलेल्या दुःखावर उपचार करण्याचं कामही करतात.

त्यांच्या विनोदाचे विषय ऐकलेत तर दचकाल. बलात्कारावरसुद्धा त्या विनोद करतात. आम्हाला आधी राग आला. यात हसण्यासारखं काय? मग लक्षात आलं की विनोद ज्या बाईवर अत्याचार झाला तिच्यावर नाहीच. तो करणाऱ्यावर आहे, आणि 'ती तिथे गेलीच कशाला' असं विचारणाऱ्यावर आहे. हसू कुणाच्या अंगावर पडतं, तिथे सगळा फरक आहे.

आमच्याच गटातलं उदाहरण देतो. रेशनच्या दुकानात एकीचा अंगठा मशीनवर उमटेना. दुकानदार म्हणाला, "मशीन म्हणतं तुम्ही त्या नाहीच." ती म्हणाली, "भांडी घासून रेघा गेल्या दादा. मशीनला म्हणा माझ्या पातेल्यांना विचार, ती ओळखतील." रांगेतल्या सगळ्या हसल्या, दुकानदारही हसला. हसू मशीनवर पडलं, ती बाई उंच झाली. आणि आमचा तो फॉर्मचा विनोद? तो पडला एका बाईच्या अंगावर, तीही गप्प बसणाऱ्या.

खरं तर हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सिनेमात आदिवासी म्हणून पिसं लावलेली, आरडाओरडा करत नाचणारी माणसं दाखवतात, लोक हसतात, आणि आपली आश्रमशाळेतली पोरं ते बघून मान खाली घालतात. 1992 ला वावर-वांगणीतली बाळं कुपोषणाने गेली तेव्हा आपलं नाव पेपरात आलं. त्यानंतर बाहेरच्यांच्या लेखी आपण एक तर कीव करायचे, नाही तर हसायचे. जिच्यावर हसतात तिला कसं वाटतं, हे जव्हार-मोखाड्याच्या बाईला ठाऊक नाही, असं कोण म्हणेल?

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या हॅना गॅड्सबी या कलाकाराने हीच गोष्ट 2018 च्या 'नॅनेट' या कार्यक्रमात मांडली. त्या बेटावर 1997 पर्यंत समलैंगिक संबंध गुन्हा होते. ज्याला जग आधीच खाली दाबतं, त्याने स्वतःवरच विनोद करत राहणं ही नम्रता नसून अपमानच आहे, असा त्या बोलण्याचा मथितार्थ. आमच्या फॉर्मच्या वेळी ती बाई का हसली असेल, ते आम्हाला हे वाचून कळलं.

आता दुसरी गोष्ट. बाईला बाईविषयी तसं प्रेम वाटणं, जसं दुसरीला पुरुषाविषयी वाटतं, याला समलैंगिक म्हणतात. हे शहरी खूळ नाही, बाहेरचं वारंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 ला आजारांच्या यादीतून ते काढून टाकलं. डॉक्टरांच्या राष्ट्रीय आयोगाने 2022 ला सांगितलं, की उपचाराच्या नावाखाली असं माणूस 'बदलायला' जाणं हा डॉक्टरचा गैरवर्तनाचा गुन्हा धरला जाईल. मग पोरगी लग्नाला नाही म्हणते म्हणून तिला भगताकडे नेऊन अंगारा लावून काय होणार? कोंबडं जातं, पैसे जातात, आणि पोरीचा आपल्यावरचा विश्वासही जातो.

मराठी रंगभूमीवर ही गोष्ट 1981 सालीच आली. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' नाटकात बाईवर प्रेम करणारी सुमित्रा आहे. रोहिणी हट्टंगडी यांनी ती भूमिका केली. नाटक धाडसाचं, पण सुमित्रा शेवटी मरते. 1998 ला 'फायर' सिनेमा आला, दोन जावांच्या प्रेमाचा, तर मुंबई-दिल्लीत थिएटरं फोडली गेली. म्हणजे अशी बाई दाखवायचीच तर तिने मरावं, नाही तर पडदा फाटावा. वासूताई मात्र जिवंत उभ्या आहेत, हातात माइक आहे, आणि लोक तिकीट काढून त्यांचं ऐकतात. आम्हाला पुरस्कारापेक्षा हेच मोठं वाटलं.

आणि त्या पुरस्काराचा दिवस नीट बघा. 8 मार्च 2016. तेव्हा इंग्रजांनी 1860 ला लिहिलेलं कलम 377 लागू होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 ला त्याची धार काढली होती, सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या डिसेंबरात ती परत लावली. म्हणजे ज्या देशाचा कायदा अशा प्रेमाला गुन्हा म्हणत होता, त्याच देशाच्या राष्ट्रपतींनी हे उघड सांगणाऱ्या बाईच्या हाती नारी शक्ती पुरस्कार दिला. पुढे 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेले संबंध गुन्हा नाहीत.

लग्नाचं मात्र अजून झालेलं नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात कोर्टाने ते संसदेवर सोडलं. पण एकत्र राहायला बंदी नाही. केरळात 2022 ला घरच्यांनी जबरदस्तीने वेगळ्या केलेल्या दोन सज्ञान मुलींना तिथल्या उच्च न्यायालयाने एकत्र राहू दिलं. आपल्या कामाचं म्हणजे, 2024 मध्ये केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवलं की रेशन कार्डासाठी अशा जोडीदारांना एका घरातलं धरा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की बँकेत एकत्र खातं उघडायला आणि एकमेकींना वारस म्हणून नेमायला काही आडकाठी नाही. दुकानदारापर्यंत हा कागद पोचला असेलच असं नाही, पण विचारायला काय जातं. कुणा मुलीला कोंडलं, मारलं, तर 112 किंवा 181 ला फोन करा. बाईला आणि आदिवासीला वकील फुकट मिळतो, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा लागतो.

एका श्रोतीने विचारलं, "मग आता त्या दोघी तशाच आहेत असं समजायचं का?" बाई, आम्हाला माहीत नाही. त्या दोघींनी काही सांगितलेलं नाही आणि आम्ही विचारणार नाही. त्या नुसत्या मैत्रिणी असतील, कष्टाला सोबत म्हणून राहत असतील, तरी आमचा विनोद तेवढाच वाईट होता.

रेडिओवर हे बोलायच्या आधी आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण ओट्यावर बसल्यावर शब्द सुचेनात. तिने कोरा चहा दिला. मैत्रीण आत चूल फुंकत होती, बाहेर आली नाही. शेवटी आमच्यातली जी तेव्हा बोलली होती, तीच म्हणाली, "त्या फॉर्मचं माझं चुकलं." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कुणाचं नाव लिहायचं ते मी सांगीन. तुम्ही नका सांगू." आणि विचारलं, हप्ता किती थकलाय.

पुढच्या बैठकीला ती आली. मागे, दाराशी बसली. फॉर्मच्या त्या रकान्यात तिने बापाचं नाव लिहायला सांगितलं. खाली वारस असा दुसरा रकाना होता. त्याच्यावर तिने बोट ठेवलं आणि मैत्रिणीचं पूर्ण नाव सावकाश, एकेक अक्षर सांगून लिहून घेतलं. कुणी हसलं नाही.