अडॅप्टर लावून दुसऱ्या कंपनीची बॅटरी चालवायची? आधी हा हिशोब बघा

कॉर्डलेस मशीन घेणारे बरेच जण इथे अडकतात. ड्रिल मकिताचं, ग्राइंडर बॉशचा. बॅटऱ्या वेगळ्या, चार्जर वेगळे. मग कोणीतरी सांगतं, अडॅप्टर घे, काही शे रुपयांत काम होतं. नवी बॅटरी घ्यायची तर काही हजार लागतात.

सूरजागडकडे काम करणाऱ्याला हा प्रश्न जास्तच टोचतो. पत्र्याचं शेड, शटर, दारं-खिडक्या, सीसीटीव्ही, काहीही बसवायला गेलात तरी साइटवर लाइट असेलच असं नाही. बॅटरी मेली आणि एटापल्ली-आलापल्लीत मिळाली नाही, तर आष्टी, गोंडपिपरी करत चंद्रपूर गाठा. दिवस गेला, गिऱ्हाईकही चिडलं.

आता आकड्याचा घोळ आधी सोडवू. १८ व्होल्ट, २० व्होल्ट मॅक्स, २१ व्होल्ट ही बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. आत ५ लिथियम सेल एकापुढे एक. एक सेल सरासरी ३.६ व्होल्ट, म्हणून १८. फुल चार्ज झाल्यावर ४.२, म्हणून २१. (स्वस्त मशीनवर ‘८८ व्हीएफ’ छापलेलं दिसलं तर ते व्होल्ट समजू नका.) म्हणून तर अडॅप्टर लावला की मशीन फिरतं.

पण मशीन आणि बॅटरी नुसता करंट देत-घेत नाहीत, आपसात बोलतातही. गरम झाली, थांब. संपत आली, बंद कर. काही कंपन्यांत हे बंद करायचं काम बॅटरी करते, काहींत मशीन. साधा अडॅप्टर बहुधा प्लस-मायनसच जोडतो, बोलणं तिथेच तुटतं. मग सेल २.५ व्होल्टच्या खाली उतरतात आणि पुढच्या वेळी चार्जर बॅटरी घेतच नाही. काही शे वाचवायला गेलो आणि काही हजारांची बॅटरी गेली!

ग्राइंडरचं तर वेगळंच सांगतो. ६०० वॅटचा लोड पकडा. भागिले १८, म्हणजे ३३ अँपिअर. घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. अडॅप्टरच्या बारीक पट्ट्या तापतात, प्लास्टिक वितळतं. वर आपल्याकडचा मे महिना, पारा ४५ च्या पुढे. माझं मत स्पष्ट आहे: ग्राइंडर आणि सर्क्युलर सॉला अडॅप्टर नको. स्क्रू मारायला, एलईडी लाइटला, छोट्या ब्लोअरला चालेल. ताकद उतरली की लगेच थांबा, आणि काम झालं की बॅटरी काढून ठेवा. डिवॉल्टचा स्वतःचा अडॅप्टर आहे, जुन्या १८ व्होल्ट मशीनला नवी बॅटरी लावायचा. त्यातसुद्धा बॅटरी तशीच ठेवू नका असं कंपनीच सांगते.

नव्याने सुरू करताय? मग पहिल्या ड्रिलच्या वेळीच ठरवा, कारण तुम्ही तेव्हा ड्रिल नाही, बॅटरीचं घराणं निवडताय. पुढची मशीनं नुसती बॉडी घ्यायची, बॅटरी-चार्जर तेच. मेटाबोने २०१८ मध्ये आणि बॉशने २०२२ मध्ये इतर कंपन्यांना सोबत घेऊन एकाच बॅटरीवर चालणारी मशीनं आणली, तिथे अडॅप्टर लागतच नाही. पण आपल्या भागात त्यातलं काय मिळतं ते दुकानात जाऊनच बघा. दुकानदाराला मशीनची किंमत नंतर विचारा, आधी विचारा: ‘याची सुटी बॅटरी आत्ता तुमच्याकडे आहे का? दाखवा.’