स्टिअरिंगवर कव्हर नको, शिवण हवी

या भागाचा व्हिडिओ आम्ही भिलाईच्या स्मृति नगरात, घरच्या पोर्चमध्ये, मे महिन्यातल्या दुपारी केला होता. त्यात मी दर दोन मिनिटांनी पँटला हात पुसताना दिसतो. ते नाटक नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो आणि काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीचं स्टिअरिंग धरणं म्हणजे तवा धरण्यासारखंच. ज्यांनी व्हिडिओ पाहिला नाही आणि थेट हे पुस्तकच उघडलंय, त्यांच्यासाठी हात दाखवून सांगितलेल्या गोष्टी इथे शब्दांत सांगतो.

स्टिअरिंगबद्दल विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो: ‘दादा, स्टिअरिंग खराब झालंय, कुठलं कव्हर घालू?’ माझं उत्तरही ठरलेलं आहे. कव्हर घालू नका, मूळ चाकच नव्यानं मढवून घ्या. शिवून.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. चार वर्षांपूर्वी मीही बाजारातून एक जाडजूड, गुबगुबीत, चाकावर चढवायचं कव्हर आणलं होतं. पहिला हिवाळा मजेत गेला. उन्हाळ्यात कॉलनीतून जुनवानी रस्त्याला डावीकडे वळताना माझे हात वळले, कव्हर वळलं आणि आतलं चाक मागे राहिलं. फार नाही, दोन-अडीच इंच. पण तेवढ्यानं गाडीचं तोंड रस्त्याच्या मधोमध गेलं आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं रस्ता सोडून मातीत गाडी घातली म्हणून तो वाचला. मागे त्याची लहान मुलगी बसली होती. त्यानं मला जे सुनावलं ते छत्तीसगढीत होतं आणि एकूण एक बरोबर होतं.

त्या संध्याकाळी शेजारच्या काकांना हे सांगितलं. काका प्लांटमधून निवृत्त झालेले, रेल मिलमध्ये उभी हयात गेलेली. ते म्हणाले, ‘अरे, फिरत्या मशीनजवळ ढिला हातमोजा घालून कोणी जातं का?’ प्लांटमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात ती गोष्ट मी गाडीत विसरलो होतो. कव्हर म्हणजे चाकाला घातलेला ढिला हातमोजा. तुमच्या हाताचं जोर पोचवण्याचं काम फक्त आतल्या रबराच्या घर्षणावर चाललेलं असतं. गरमीनं रबर सैल पडतं, आत धूळ आणि घाम जातो, आणि एक दिवस पकड सुटते. ती कुठल्या वळणावर सुटेल हे आधी कळत नाही.

आता थोडं गणित. घरातला शिंप्याचा टेप घ्या आणि स्टिअरिंगच्या कड्याभोवती, म्हणजे आपण मुठीत धरतो त्या भागाभोवती गुंडाळा. साधारण ९ ते साडेनऊ सेंटीमीटर भरेल. कव्हरची जाडी ५ मिलिमीटर धरली तर तोच घेर १२ सेंटीमीटरच्या वर जातो, कारण जाडी सगळीकडून वाढते. तीन सेंटीमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण बारीक हाताच्या माणसाची बोटं मग अंगठ्याला भेटतच नाहीत, आणि मूठ मिटली नाही की मनगट लवकर थकतं. घरात एकच गाडी तीन जण चालवत असतील तर कड्याची जाडी सगळ्यात लहान हाताला विचारून ठरवावी.

बरं, मूळ चाक खराब का होतं? कंपनीचं चाक म्हणजे आत धातूचा सांगाडा आणि त्यावर साच्यात ओतलेला पॉलियुरेथिनचा फोम. साध्या मॉडेलमध्ये तो फोमच उघडा असतो, महागड्या मॉडेलमध्ये वर चामडं किंवा चामड्यासारखं दिसणारं कापड शिवलेलं असतं. पॉलियुरेथिनचे दोन शत्रू आहेत, उष्णता आणि ओलावा. वर्षानुवर्षं घाम, हाताचं तेल आणि ऊन मिळून त्याची वीण तुटत जाते आणि पृष्ठभाग चिकट होतो. पुसून पुसून जात नाही तो हाच चिकटपणा, कारण ती घाण नसते, चाकच विरघळायला लागलेलं असतं. २०२० नंतर सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातांनी यात भर घातली. रेक्झिनवरचा पातळ थर अल्कोहोलनं फार लवकर उकलतो. तुमच्या गाडीत ‘दहा आणि दोन’ वाजल्याच्या जागीच पापुद्रे निघाले असतील तर कारण हेच.

यावर तीन उपाय लोक करतात. एक, वरून कव्हर, त्याचं सांगून झालं. दुसरा, बाहेरचं छोटं, ‘स्पोर्टी’ चाक बसवणं. हे मात्र सरळ नको म्हणतो. १ जुलै २०१९पासून बनणाऱ्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे आणि ती असते स्टिअरिंगच्या पोटात. चाक बदललं की ती गेली. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडी बघायला आला की हे कलम तो तोंडपाठ म्हणून दाखवतो. तिसरा उपाय आपला: सांगाडा तोच, एअरबॅग तीच, बटणं तीच, फक्त मुठीत येणारं कातडं नवं.

हे काम करणारा कारागीर बहुधा सीटकव्हरच्या दुकानात मिळतो. मोठं दुकान शोधत बसू नका, हात शोधा. माझं चाक ज्यानं शिवलं त्याचं दुकान म्हणजे सुपेल्याच्या एका गल्लीत पत्र्याखाली ठेवलेलं एक स्टूल. बापाकडून चपलांचं काम शिकलेला माणूस, हातात आरी आणि रापी, आणि चिकटवायला बुटाच्या तळाला लावतात तेच सोल्युशन. मी दोन तास शेजारी बसून पाहिलं. सांगतो काय पाहिलं ते.

आधी त्यानं चाकाला स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळली आणि त्यावर कागदी टेप चिकटवली, पट्टीला पट्टी लावत. मग जिथे शिवण यायची तिथे पेनानं रेघ मारली, आऱ्यांपाशी खुणा केल्या, आणि रेघेवरून ब्लेड फिरवून ते सगळं सालीसारखं सोडवलं. हा झाला नमुना. तुमच्या चाकाचा, तुमच्याच चाकावरून घेतलेला. तयार कापलेले तुकडेही मिळतात, पण एकाच गाडीच्या दोन मॉडेलांत आऱ्यांची जागा वेगळी असू शकते, मग कोपऱ्यात तोंड उघडं राहतं.

आता खरी गंमत. चाकाचा बाहेरचा व्यास ३७ सेंटीमीटर असेल तर बाहेरचा परीघ भरतो ११६ सेंटीमीटर. कड्याची जाडी ३ सेंटीमीटर, म्हणजे आतला व्यास ३१ आणि आतला परीघ ९७. एकाच पट्टीनं बाहेरून ११६ आणि आतून ९७ सेंटीमीटर झाकायचं आहे. १९ सेंटीमीटरचा फरक कुठे मुरवायचा? ब्लाउजच्या गळ्याला पट्टी लावताना शिंपी कापड सरळ न कापता उरेब कापतो, का, तर ते वळणावर ताणलं जावं आणि चुणी पडू नये. इथे तोच पेच आहे, फक्त उरेबीचं काम चामड्याचा ताण करतो. म्हणून कारागीर तुकडे नमुन्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान कापतो आणि ओढून बसवतो. जो ‘अंगासरशी’ कापतो त्याच्या चाकाला आतल्या बाजूनं सहा महिन्यांत सुरकुत्या येतात. स्वस्त रेक्झिन इथेच हरतं. ते ताणलं जातं, पण ताणलेलं राहत नाही.

चामडं साधारण १.२ मिलिमीटर जाडीचं घ्यावं. त्याहून जाड असलं तर आऱ्यांच्या कोपऱ्यात दुमडत नाही, फार पातळ असलं तर टाक्यापाशी फाटतं. जनावराचं चामडं नको असेल तर चांगल्या प्रतीचं मायक्रोफायबर मिळतं आणि ते घामाला बरंच टिकतं. एक मात्र सांगतो: मखमलीसारखं सुएड कितीही देखणं वाटलं तरी आपल्या धुळीत आणि घामात नको. चार महिन्यांत त्याचं पायपुसणं होतं. बारीक भोकं पाडलेलं चामडं हात येतो त्या दोन्ही बाजूंना आणि वर-खाली साधं, ही जोडी भिलाईच काय, नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यातही चांगली. रंगाचं म्हणाल तर काळा किंवा करडा. फिक्या रंगाच्या चाकाचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं, आणि लाल शिवणीची हौस असेल तर ती दोऱ्यात भागवा.

दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा घामानं कुजतो. चांगला कारागीर चामड्याच्या दोन्ही कडांना आधी मशीनवर एक-एक टीप मारून घेतो. मग चाकावर चढवल्यावर हातसुई कातड्यातून न घालता त्या टिपेच्या टाक्यांखालून ओवत दोन कडा एकमेकींकडे ओढत जातो, बुटाची नाडी आवळावी तशी. नवं भोक पडत नाही, म्हणून कड फाटत नाही, आणि टाक्यांचं अंतर आपोआप सारखं येतं. पाच मिलिमीटरला एक टाका धरला तर आऱ्यांची जागा सोडून दीडशेच्या वर टाके होतात. प्रत्येक टाका हातानं आवळायचा. त्याच्या करंगळीवर दोऱ्यानं पडलेला खोल घट्टा मी पाहिला आणि सांगितलेल्या पैशांत घासाघीस करायची इच्छा राहिली नाही. कव्हर काही शेकड्यांत येतं, हे काम हजार-दोन हजारांच्या घरात जातं. फरक आहे तो त्या दीडशे टाक्यांचा.

शिवण आतल्या बाजूला, म्हणजे तुमच्याकडे नव्हे, चाकाच्या मध्याकडे तोंड करून यायला हवी. हाताखाली गाठ लागता कामा नये. जुनं चामडं सोलून काढायला सांगा. वरच्यावर शिवलं तर जाडी वाढते आणि खालचं सडकं कातडं वरच्याला धरून ठेवत नाही. फोम उघडा असेल तर चिकटपणा साफ करून पॉलिश पेपरनं खरवडून मग सोल्युशन लावावं. फोम तुटून आतला धातू दिसत असेल, किंवा अपघातात चाक वाकलं असेल, तर मढवू नका. तिथे कंपनीचं नवं चाक हाच इलाज. नव्या महागड्या गाड्यांत कड्यात तापवणारी तार किंवा हात ओळखणारा सेन्सर असतो. तुमच्या गाडीत तसं असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय सुईला हात लावू देऊ नका.

आणि आता मधलं झाकण. इथे मी व्हिडिओतही आवाज चढवला होता, माफ करा. ज्यावर कंपनीचं चिन्ह असतं आणि दाबलं की हॉर्न वाजतो, त्या झाकणाखाली एअरबॅगची घडी असते. धडक बसल्यावर ती डोळ्याची पापणी लवायच्या आत, सेकंदाच्या काही शतांश भागात, फुगते. बाहेर यायला तिला वाट मिळते ती झाकणाच्या आतून मुद्दाम पातळ ठेवलेल्या रेघेवर, ते तिथेच फाटतं. त्यावर चामडं चिकटवलं, रंगाचे थर दिले, किंवा चकचकीत खडे आणि धातूचा गणपती बसवला, तर एक तर फाटायची वाट अडते नाही तर ती वस्तू गोळीसारखी तोंडावर येते. देव डॅशबोर्डावर नको आणि चाकावर तर मुळीच नको, काचेच्या कोपऱ्यात छोटं चित्र लावा. ‘सगळं एकसारखं दिसेल, झाकणही करून देतो’ असं कारागीर प्रेमानं म्हणतो. त्याला तितक्याच प्रेमानं नाही म्हणा.

बहुतेक चाकं गाडीतच बसल्या जागी शिवता येतात. काढायचीच वेळ आली तर ते काम शिवणाऱ्याचं नाही, मेकॅनिकचं. बॅटरीची तार सोडवायची, गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबायचं, मगच पिवळ्या रंगाच्या वायरींना हात लावायचा. त्या एअरबॅगच्या असतात. काम झाल्यावर इग्निशन चालू करून एअरबॅगचा दिवा पाहा: काही सेकंद लागून विझला तर ठीक, लागून राहिला किंवा लागलाच नाही तर तिथून गाडी हलवू नका.

माझं चाक शिवून झाल्यावर काका बघायला आले. त्यांनी दोन्ही हात ‘नऊ आणि तीन’वर ठेवले, डोळे मिटून चाक डावी-उजवीकडे ओढून पाहिलं आणि विचारलं, ‘चोवीस तास वाळू दिलंस का?’ दिलं नव्हतं. सोल्युशन पुरतं धरेपर्यंत गाडी सावलीत ठेवायची असते, आणि मी उन्हात आणून लावली होती. डाव्या आऱ्यापाशी एक सुरकुती त्याच दुपारी पडली. ती अजून आहे, व्हिडिओत जवळून दाखवलीय. कारागीर म्हणाला, केस वाळवायच्या ड्रायरनं हलकी ऊब देऊन आणि अंगठ्यानं दाबून ती जाईल. अर्धी गेली.

रोज ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्यानं. डॅशबोर्डचं चकाकणारं पॉलिश चाकाला लावू नका, हात घसरतो. सॅनिटायझर लावलंत तर हात वाळू द्या, मग चाक धरा. पुढच्या भागात गिअरच्या दांड्याखालची फाटलेली चामडी पिशवी घरीच कशी शिवायची ते पाहू. त्यासाठी जुनी जीन्सची पँट आणि एक जाड सुई काढून ठेवा.